नसीमआपा आणि अडखळणारं चित्र

नसीमआपा पडद्यावरच्या माणसांचे चेहरे बघत नसत. पाय बघत. कुणी लग्नाची, बारशाची, निरोप समारंभाची डीव्हीडी घेऊन आलं आणि "आपा, चित्र अटकतंय हो," म्हणालं, की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असे.

"चालणारा माणूस कुठं आहे यात?"

लोक गोंधळत. त्यांना नवरीचा चेहरा दाखवायचा असे, आजोबांचं भाषण दाखवायचं असे. आपा मान हलवत. "बसलेला माणूस काही सांगत नाही. बोलणारा बी नाही. मला चालणारा दाखवा." मग मांडवातून ताट घेऊन जाणारी एखादी बाई सापडे. आपा डोळ्यांवरचा चष्मा कपाळावर सरकवून, पडद्यापासून वीतभर अंतरावर नाक नेऊन त्या बाईची पावलं बघत. एकदा, दोनदा, तीनदा. कुठल्या सेकंदाला पाऊल अडकलं ते एका शाळकरी वहीत लिहून ठेवत. त्या बाईचं तोंड कसं होतं, हे त्यांना विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.

मी त्यांच्याकडे पहिल्यांदा गेले ते माझ्या धाकट्या भावाचे व्हिडिओ घेऊन. विलास सोयगावच्या एका शाळेत चित्रकला शिकवायचा. लग्न केलं नव्हतं. बाबा आणि तो, असे दोघंच राहत. एका सकाळी वर्गात फळ्यावर चित्र काढता काढता तो खाली बसला, आणि तिथंच गेला. एक्केचाळीस वर्षांचा होता.

त्याच्या फोनमध्ये बरेच व्हिडिओ होते. ते बाबांना पाहायचे होते. बाबा एसटीत ड्रायव्हर म्हणून निवृत्त झालेले, अठ्ठ्याहत्तरीचे. फोनच्या काचेवर बोट लावलं की भलतंच काहीतरी उघडायचं, म्हणून ते फोनला हात लावत नसत. मी नवा टीव्ही नेऊन दिला तर तो त्यांनी खोक्यातच ठेवला. त्यांना जुना टीव्ही आणि जुना डीव्हीडी प्लेयर चालवता येत होता. त्याची बटणं त्यांना अंधारातही सापडत. म्हणून मी शहरातल्या एका दुकानातून ते सगळे व्हिडिओ डीव्हीडीवर करून घेतले आणि सोयगावला नेले. बाबांनी ती लावली, पाच मिनिटं बघितली आणि बंद केली.

"नंदा, हे काय आणलंस?" ते म्हणाले. "तो असा अडखळत चालत नव्हता."

मी त्याच दुकानात परत गेले. त्यांनी दुसरी डीव्हीडी करून दिली. तीही तशीच. मी कॉलेजच्या ग्रंथालयात काम करते. तिथल्या एका सहकारी बाईंनी शहराच्या कडेच्या पडेगावचं नाव सांगितलं. "दौलताबाद रोडवरून आत दुसरी गल्ली. नसीमआपा म्हणून विचारा. त्यांना जमलं नाही तर कुणाला जमणार नाही."

ती घराचीच पुढची खोली होती. बाहेर छावणीकडे जाणारे लष्कराचे ट्रक गेले की खिडकीची काच थरथरायची. आत एक कॉम्प्युटर, एक जुना जाडजूड टीव्ही आणि एकावर एक ठेवलेले तीन डीव्हीडी प्लेयर. आपा साठीच्या, किडकिडीत, चष्मा काळ्या दोरीला बांधलेला. मी डीव्हीडी पुढं केली आणि जे सांगायचं ते सांगितलं. विलास जाऊन तेव्हा दोन महिने झाले होते. मला रडू आलं नव्हतं. भूक लागत होती, झोप लागत होती, पुस्तकांवर शिक्के मारणं चालू होतं. कुणी सांत्वन केलं की मी "हो ना" म्हणायचे.

आपांनी विचारलं, "यातले हे भाऊ गेले का?"

"हो."

"बरं. मग फोनमधलं काहीच पुसू नका. आधी दोन जागी उतरवून ठेवू. मग बाकीचं."

त्यांनी तेवढंच म्हटलं. मला ते बरं वाटलं, असं म्हणणार नाही. पण परत यावंसं वाटलं.

त्या तीन प्लेयरांना आपांनी नावं दिली होती. सगळ्यात जुना, ती सासू. मधला नणंद. वरचा नवा, ती सून. "सून काहीबी गिळते, तोंडातून शब्द काढत नाही. तिच्यावर भरवसा ठेवायचा नाही. नणंद कधी चालवते, कधी नाही, मूडवर आहे. पण सासूनं एकदा पास केलं ना ताई, मग ती डीव्हीडी कुठंबी चालते." हे सांगताना त्या हसत नसत. गिऱ्हाईक हसलं तर त्यांना नवल वाटे.

विलासची डीव्हीडी तिन्हींवर अडखळली. आपांनी ती दोनदा लावली आणि वहीत आकडे जुळवले. दोन्ही वेळा अगदी त्याच सेकंदाला.

"वेगवेगळ्या जागी अटकली असती तर म्हटलं असतं, डीव्हीडी खराब आहे, नाही तर प्लेयरच्या भिंगाचा डोळा मळलाय. ही एकाच जागी अटकते. म्हणजे डीव्हीडीचा गुन्हा नाही." मग त्यांनी तीच डीव्हीडी कॉम्प्युटरवर उतरवून घेतली आणि तिथून लावली. तिथंही तेच. "बघा. बनवतानाच बिघडलंय. आता बनवण्यातलं कुठलं, ते बघायचं."

त्यांची ही पद्धत होती. दोष कुठं आहे, हे त्या शोधतच नसत. कुठं नाही, ते एकेक करून बाजूला काढत. आणि एका वेळी एकच गोष्ट बदलत. घाई केली तर म्हणत, "दोन गोष्टी एकदम बदलल्या आन् नीट झालं, तर कशानं नीट झालं ते मला कधीच कळणार नाही. मग पुढच्याला मी काय सांगू?"

मला त्यांनी समजावलं ते असं. फोन सेकंदाला तीस चित्रं काढतो. तेही लहरीनं, कधी तीस, कधी सत्तावीस. आपल्याकडची डीव्हीडी पंचवीसच्या मापाची. दुकानदारानं तीसची पंचवीस करताना दर सहा चित्रांतलं एक सरळ टाकून दिलं. "सेकंदाला पाच वेळा माणूस गायब होतो. डोळ्याला कळत नाही काय गेलं ते. पण काहीतरी गेलंय, हे कळतं."

हे ऐकून मी मान डोलावली. त्या दिवसांत मी सगळ्यालाच मान डोलवायचे.

आपांनी आधी फोनचा लहरीपणा काढून सगळं एका ठोक्यावर आणलं. मग पंचवीस न करता तीसचं तीसच ठेवलं. ती परदेशातली पद्धत, पण बहुतेक प्लेयर ती चालवतात, म्हणाल्या. सुनेनं लगेच पास केलं. नणंदेनंही. सासू मात्र जिथं शाळेच्या मैदानावर पोरं धावतात तिथं घुटमळली. "तिला एवढं भराभर वाचता येत नाही. घास लहान करू." त्यांनी चित्राचा भार थोडा कमी केला आणि डीव्हीडी सगळ्यात हळू वेगानं लिहायला लावली. ती लिहून होईपर्यंत त्यांनी मला लिंबू पिळलेला बिनदुधाचा चहा दिला. बाहेर ट्रक जात होते.

असे मी दहा-बारा शनिवार तिथं काढले. काम एवढं नव्हतं. पण घरी तरी काय करायचं होतं?

हळूहळू त्यांचं कळत गेलं. त्यांचे मिस्टर लग्नांचं शूटिंग करायचे. त्यांच्या समाजातल्या लग्नांत बायकांच्या बाजूला पुरुषानं कॅमेरा घेऊन जाणं शक्य नव्हतं. म्हणून स्वतःच्या लग्नानंतर आठवड्याभरातच त्यांनी बायकोच्या हातात दुसरा कॅमेरा दिला. "मर्दाना तरफ ते, जनाना तरफ मी. पहिल्या लग्नात मी अर्धा तास झाकण न काढता शूटिंग केलं," आपा सांगत. बावीस वर्षं त्यांनी बायकांची बाजू टिपली. मेंदीच्या रात्री ढोलक वाजवणाऱ्या, डोक्यावरचा पदर पडला तरी न सावरणाऱ्या, एकमेकींच्या सासवांची नक्कल करणाऱ्या बायका. त्या कॅसेटी एका लोखंडी कपाटात होत्या. कपाटाची किल्ली त्यांच्या गळ्यात असे.

एकदा मी असताना एक धिप्पाड माणूस आला. बहिणीच्या लग्नाची जनान्यातली कॅसेट डीव्हीडीवर करायची होती. आपांनी कॅसेट काढली आणि त्याला म्हणाल्या, "भैया, बाहेर ओट्यावर बसा. दोन तास."

"आपा, माझ्याच घरचं लग्न आहे."

"तुमच्या घरच्या चार बाया असतील. बाकी साठ दुसऱ्यांच्या घरच्या आहेत. त्यांनी मला परवानगी दिली, तुम्हाला नाही."

"मी काय वाईट नजरेनं बघणार आहे का?"

"नक्को. नजरेचं मी काहीच बोलली नाही. बाहेर बसा."

तो भर उन्हात दोन तास ओट्यावर बसला. आपांनी त्याला पाणी नेऊन दिलं, चहा नेऊन दिला, वर्तमानपत्र नेऊन दिलं. आत घेतलं नाही. जाताना त्याला म्हणाल्या, "ही बहिणीच्या हातात द्या. मी तिला फोन करून विचारणार आहे." आणि खरंच विचारलं.

दुसरा एक प्रसंग त्यांनीच सांगितला, तोही सहज, वायर गुंडाळता गुंडाळता. एका माणसाची बायको त्याला सोडून गेली होती. तो घरातल्या सगळ्या लग्नांच्या डीव्हीड्या घेऊन आला. म्हणाला, ती जिथं जिथं दिसते तिथनं तिला काढून टाका. आपांनी विचारलं, नक्की? तो म्हणाला, नक्की. आपांनी काढलं. आठ दिवसांनी तो तावातावानं परत आला. सगळं चित्र धक्के खातंय, गाणं मधेच तुटतंय, हे काय काम झालं?

"मी त्याला म्हटलं, भैया, मशीनमधी काही दोष नाही. ती बाई सगळ्यांना वाढत होती. एकेका पंगतीत चाळीस वेळा येऊन गेली. तिला काढलं की जेवणच तुटतं. आता तुम्ही सांगा, काय करू?"

"मग?"

"मग काय. म्हणाला, राहू द्या असंच. तसंच घेऊन गेला." आपांनी वायरीला रबर लावलं. "ती बी आली होती नंतर. मूळ डीव्हीड्या मी ठेवल्या होत्या. त्यातली एक तिला दिली. तिनं त्यात फक्त स्वतःची आई बघितली."

हे चांगलं केलं की वाईट, असं त्या कधी म्हणत नसत. मीही विचारलं नाही.

विलासचे व्हिडिओ एकेक करून नीट झाले. फक्त एक राहिला. तो बाबांनी काढला होता. बाबांनी आयुष्यात फोन हातात धरून काढलेला तो एकच. घरासमोरच्या गल्लीतून विलास आंब्याचं रोप घेऊन येतो. बाबांचं बोट कोपऱ्यात दिसतं. विलास चालत जवळ येतो आणि हसून विचारतो, "बाबा, बटण दाबलंय का?" तिथंच संपतो. अठरा-वीस सेकंदांचा. बाबांना बाकीचे नसते तरी चाललं असतं, हा हवा होता. आणि तोच अडखळत होता.

आपा त्याच्यामागे तीन आठवडे होत्या. वहीची चार पानं भरली. शेवटी एका शनिवारी त्यांनी फोनमधली मूळ फाइलच लावली आणि चित्रामागून चित्र पुढं सरकवत मला दाखवली. विलासचा पाय वर उचललेला. पुढच्या चित्रात तो दोन पावलं पुढं.

"हे बघा. हे डीव्हीडीत बिघडलेलं नाही. फोनमधीच नाही. त्या दिवशी फोन भरलेला असणार, जागा नसणार. त्यानं मधली चित्रं घेतलीच नाहीत."

"मग काहीच होणार नाही?"

"होतं. एक प्रोग्राम आहे. मागचं चित्र आन् पुढचं चित्र बघून मधलं स्वतःच्या मनानं बनवतो." त्यांनी तेही करून ठेवलं होतं. लावलं. विलास गल्लीतून आला, सरळ, एकदाही न अडखळता. पाण्यावरून आल्यासारखा. रोप धरलेला हात मधेच पातळ होऊन पुन्हा हातासारखा होत होता. पण ते बारकाईनं बघितलं तरच दिसत होतं.

"हेच द्या," मी म्हणाले.

आपांनी चष्मा कपाळावर ढकलला. "मी तुम्हाला देते. पण बाबांना सांगायला लागेल, की मधलं बनवलेलं आहे."

"कशाला सांगायचं? ते म्हातारे आहेत. त्यांना कळणार नाही."

"पहिल्या डीव्हीडीत कळलं होतं ना?"

मी पडद्यावरच्या विलासकडे बघितलं.

"आन् त्यांचा प्लेयर मी बघितलेला नाही," आपा म्हणाल्या. "मशीन बघितल्याशिवाय मी पास म्हणत नाही. पुढच्या रविवारी जाऊ."

मला वाटलं, बोलायला म्हणून बोलल्या. पण रविवारी सकाळी त्या बसस्टँडवर माझ्या आधी येऊन उभ्या होत्या. हातात कापडी पिशवी; पिशवीत पेचकस, कापूस, दोन डीव्हीड्या आणि डब्यात पराठे. सिल्लोड, अजिंठ्याचा घाट, फर्दापूर करत आम्ही सोयगावला पोचलो तेव्हा दुपार झाली होती. वाटेत त्या दोनच वाक्यं बोलल्या. एक, "इकडं कापूस बरा दिसतो." आणि दुसरं घाटात, "डोळे मिटून घ्या, कमी गरगरतं."

बाबा दारातच उभे होते. मी ओळख करून दिली. बाबांनी हात जोडले. "लई लांबून आलात बाई."

"मशीन कुठं आहे?" आपांनी विचारलं.

प्लेयर टीव्हीच्या डोक्यावर होता, त्याच्यावर विणलेला रुमाल, रुमालावर देवीचा फोटो. आपांनी फोटो दोन्ही हातांनी उचलून बाबांच्या हातात दिला. रुमाल घडी करून माझ्या. प्लेयर खाली जमिनीवर घेतला, चार स्क्रू काढले, आतली धूळ फुंकली आणि कोरड्या कापसाच्या बोळ्यानं त्याचा डोळा पुसला, लहान मुलाचा पुसावा तसा. "याला श्वास घ्यायला जागा नव्हती. रुमाल पुन्हा टाकू नका," त्या म्हणाल्या. बाबा एखाद्या आज्ञाधारक विद्यार्थ्यासारखे "व्हय" म्हणाले.

आधी मोठी डीव्हीडी लावली. शाळेचं मैदान, विलास शिट्टी वाजवत धावतोय. बाबा पुढं सरकले. काही अडखळलं नाही. बाबा वीस मिनिटं बघत राहिले आणि एकदा फक्त म्हणाले, "हां. हा असाच चालायचा."

मग आपांनी दुसरी काढली. "बाबा, यात एकच आहे, दोन वेळा. तुम्ही काढलेला. पहिल्यांदा जसा फोनमधी आहे तसा. दुसऱ्यांदा नीट केलेला. पण नीट केलेल्यात मधलं सगळं मशीननं मनानं बनवलंय. ते खरं नाही. हे मी आधी सांगते."

मला त्यांचा राग आला. त्या सगळ्या महिन्यांत मला स्पष्टपणे काही वाटलं असेल तर तो राग.

पहिला लागला. विलास धक्के खात आला. "बाबा, बटण दाबलंय का?" दुसरा लागला. विलास वाहत आला. "बाबा, बटण दाबलंय का?"

बाबांनी दुसरा परत लावायला सांगितला. मग पहिला. मग पुन्हा दुसरा. त्यांचे डोळे वाहत होते, पण ते पुसत नव्हते. बघण्यात खंड पडेल म्हणून असेल.

"हा चालतो सरळ," शेवटी ते दुसऱ्याबद्दल म्हणाले. "पण याचे पाय जमिनीला लागत नाहीत."

"हौ," आपा म्हणाल्या.

"पयलाच राहू द्या."

"बाबा, त्यात अडखळतो हो तो," मी म्हणाले.

"अडखळू दे. फोनला दिसलं नसंल मधलं. मी तर तिथंच उभा होतो." त्यांनी छातीवर हात ठेवला नाही की काही नाही, रिमोट गुडघ्यावर ठेवून साध्या आवाजात म्हणाले, "मधलं माझ्याकडं हाय."

आपांनी दुसरी डीव्हीडी तिथंच, माझ्या देखत, दोन तुकडे करून पिशवीत टाकली. फक्त पहिल्या, अडखळणाऱ्या व्हिडिओची नवी करून पाठवते म्हणाल्या. मग तिघांनी पराठे खाल्ले. बाबांनी आपांना आंब्याचं ते रोप दाखवलं. कमरेएवढं झालं होतं. आपांनी त्याच्याकडे बघून मान हलवली.

परतीच्या बसमध्ये ऊन माझ्या बाजूला होतं. सिल्लोड मागं पडल्यावर आपा समोर बघतच म्हणाल्या, "तुम्ही रडला नाहीत."

"नाही."

"मला अकरा महिने लागले. मिस्टर गेले तेव्हा. लोकांना वाटायचं, बाई कठीण आहे." थोड्या वेळानं त्या म्हणाल्या, "कामाला जात रहा. बाकी काही करू नका." आणि खिडकीला डोकं टेकून झोपल्या.

त्यानंतर दीड-दोन वर्षांत आपांची नजर उतरत गेली. मोतीबिंदू काढला, पण डोळ्याच्या मागच्या पडद्यालाही काहीतरी झालं होतं. पावलं दिसेनाशी झाली. गिऱ्हाईक तसंही कमीच उरलं होतं. परभणीला दिलेली मुलगी, शबाना, चल म्हणून मागं लागली होती. आपांनी तिला थांबवून धरलं ते एकाच कारणासाठी. लोखंडी कपाटातल्या कॅसेटी.

त्या कॅसेटी त्यांनी पोस्टानं पाठवल्या नाहीत, कुणाच्या हाती दिल्या नाहीत. रिक्षा करून घरोघर गेल्या. शेवटच्या काही फेऱ्यांना मी बरोबर होते, कारण त्यांना आता कॅसेटीवरची नावं वाचता येत नव्हती. मी नाव वाचायचे, त्या घर सांगायच्या. दारात पुरुष आला तर त्या म्हणत, "घरात बाई असेल तिला पाठवा," आणि बाई येईपर्यंत पिशवीत हात घालत नसत. काही घरं बदलली होती. काही जणी वारल्या होत्या. काहींना कॅसेट नकोच होती. आता कशावर बघणार, म्हणत.

शहागंजात एका जिन्यावर पंचविशीची मुलगी आली. लग्न तिच्या मावशीचं होतं. मावशी आता दुबईला. मुलीनं कॅसेट उलटीसुलटी करून बघितली.

"यात अम्मी आहे का?"

आपांना क्षणभरही विचार करावा लागला नाही. "आहे. ढोलक वाजवते. हिरवा शरारा. तिच्या मांडीवर एक छोटी बच्ची झोपली आहे, एवढ्या आवाजात."

मुलीनं कॅसेट ओढणीखाली घेतली आणि जिना चढून गेली. मी आपांकडे बघत राहिले. चेहरे न बघणाऱ्या या बाईला काय काय दिसलेलं होतं, कुणास ठाऊक.

ज्यांचा पत्ताच लागला नाही अशा चौदा कॅसेटी उरल्या. त्या आपांनी ओट्यावर बसून उघडल्या, आतली पट्टी हातानं ओढून काढली आणि कात्रीनं बारीक बारीक कापली. मी मदत करू का विचारलं. नको म्हणाल्या. संध्याकाळपर्यंत त्यांच्या पायाशी काळ्या तुकड्यांचा ढीग झाला. झाडूनं भरताना तो वाऱ्यानं उडत होता आणि त्या परत परत गोळा करत होत्या.

परभणीला त्या गेल्या त्या दिवशी मी बसस्टँडवर पोचवायला गेले. शबाना आणि तिचा नवरा सामान लावत होते. बस बंद काचांची होती, आत थंड हवा असणारी. आपांना खिडकीची जागा मिळाली. मी खाली फलाटावर उभी. त्यांना मी नीट दिसत नसावे, पण कुठं उभी आहे याचा अंदाज असावा, कारण तोंड माझ्याकडेच होतं.

ड्रायव्हरनं गाडी चालू केली. तेव्हा आपा काहीतरी बोलल्या. काचेमुळे आवाज आला नाही. मी कानाला हात लावून दाखवला. तो त्यांना दिसला नसणार, तरी त्यांनी तेच पुन्हा सांगितलं, अधिक सावकाश, एकेक शब्द सुटा करून. चार-पाच शब्द असतील. मला एकही कळला नाही. मी मोठ्यानं "हो आपा, हो," म्हणाले आणि मान हलवली.

त्यांचं समाधान झालं असावं. त्या वळल्या आणि समोर बघू लागल्या. बस मागं सरकली, वळली आणि स्टँडच्या फाटकातून बाहेर गेली.

काय म्हणाल्या होत्या, ते फोन करून विचारता आलं असतं. दोन-तीनदा फोन झालाही. तब्येतीचं बोललो, बाबांचं बोललो. विचारायचं राहून गेलं. पावसाळ्याच्या शेवटी शबानाचा फोन आला. ती काय सांगणार हे मला तिच्या पहिल्या श्वासावरूनच कळलं. मी ऐकून घेतलं, "हो," म्हणाले, फोन ठेवला आणि टेबलावर राहिलेल्या पुस्तकांवर शिक्के मारू लागले.